जुनी स्कूटर आणि तिची दुरुस्ती पुस्तिका

पुण्या-मुंबईतील जुन्या गृहनिर्माण संस्थांच्या जिन्याखाली डोकावले, तर धूळ खात उभी असलेली एखादी बजाज चेतक हमखास आढळते. वडिलांची किंवा आजोबांची आठवण म्हणून ती कोणी मोडीत काढू देत नाही आणि दुरुस्त करून घेण्याचेही कोणी मनावर घेत नाही. ज्यांना ती पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस असते, त्यांना पहिली अडचण येते ती सुट्या भागांची नव्हे, तर माहितीची. चेतक डोळे मिटून खोलणारे बहुतेक कारागीर आता उतारवयाला लागले आहेत. नव्या पिढीतील मेकॅनिक इंधन इंजेक्शनच्या गाड्यांवर शिकलेला असतो आणि कॉन्टॅक्ट ब्रेकरचा पॉइंट त्याने कदाचित हातातही धरलेला नसतो. अशा वेळी आधार उरतो तो उत्पादकाने त्या काळी छापलेल्या पुस्तिकेचा. ही पुस्तिका कोणती घ्यावी, ती वाचावी कशी आणि तिच्यावर विसंबावे किती, याचा हा आढावा.

चेतकचेच उदाहरण घेण्याचे कारण असे की, जुन्या वाहनांबाबत उद्भवणारे जवळपास सर्व प्रश्न या एका स्कूटरमध्ये एकवटले आहेत. बजाज ऑटोला दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या निर्मितीचा परवाना १९५९ मध्ये मिळाला. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी झालेल्या करारानुसार कंपनी व्हेस्पा स्कूटर बनवू लागली. हा करार १९७१ मध्ये संपुष्टात आला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव धारण करून चेतक अवतरली. नाव अस्सल देशी असले, तरी यंत्ररचना व्हेस्पा स्प्रिंटच्या धाटणीची होती. सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर, पिस्टनची धावही ५७ मिलिमीटर आणि क्षमता १४५ सीसीच्या आसपास. नोंदणी केल्यानंतर ती हाती पडण्यासाठी ग्राहकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. कंपनीने स्कूटरनिर्मिती पूर्णपणे थांबवण्याची घोषणा २००९ च्या डिसेंबरमध्ये केली. चेतकचे उत्पादन त्याच्याही आधी बंद झाले होते. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या विजेवरील चेतकचा जुन्या चेतकशी नावापलीकडे संबंध नाही.

तीन दशकांहून अधिक काळ बनलेली गाडी नाव न बदलता आतून बदलत जाते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. चेतकचेही तसेच झाले. आधीच्या गाड्यांत सहा व्होल्टची वीजयंत्रणा होती, पुढे ती बारा व्होल्टची झाली. पॉइंट आणि कंडेन्सर जाऊन त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले. अखेरच्या काळात चार-स्ट्रोक इंजिनाची चेतकही निघाली. त्यामुळे केवळ मुखपृष्ठावर ‘चेतक’ छापले आहे म्हणून ती पुस्तिका आपल्या गाडीची ठरत नाही. सहा व्होल्टच्या गाडीला बारा व्होल्टच्या आकृतीप्रमाणे वायरी जोडल्यास काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. यासाठी पुस्तिका उघडण्यापूर्वी इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा, तो नोंदणी पुस्तकातील क्रमांकाशी ताडून पाहावा आणि मगच पुस्तिकेच्या सुरुवातीच्या पानांवर कोणत्या क्रमांकांच्या गाड्यांना ती लागू आहे, हे शोधावे. बहुतेक जण हीच पाने उलटून थेट कार्ब्युरेटरच्या प्रकरणाकडे वळतात.

तीन पुस्तके, तीन वाचक

‘मॅन्युअल’ हा शब्द आपल्याकडे सरसकट वापरला जातो, परंतु त्याखाली तीन निरनिराळी पुस्तके येतात. नव्या गाडीसोबत मालकाला मिळते ती छोटी पुस्तिका. तिच्यात पेट्रोलमध्ये ऑइल किती घालावे, टायरमध्ये हवा किती असावी, प्लग केव्हा बदलावा इतपत माहिती असते. दुसरे पुस्तक म्हणजे वर्कशॉप मॅन्युअल. ते अधिकृत सर्व्हिस केंद्रातील प्रशिक्षित कारागिरासाठी लिहिलेले असते. तिसरी असते ती सुट्या भागांची सूची, म्हणजे पार्ट्स कॅटलॉग.

यांतील वर्कशॉप मॅन्युअलला सर्वाधिक मान मिळतो आणि तो रास्तही आहे. मात्र ते ज्याच्यासाठी लिहिले गेले, तो वाचक आपण नव्हे, याचे भान ठेवावे लागते. कंपनीच्या प्रशिक्षण वर्गातून आलेल्या माणसाला काय येते, हे लेखकाने गृहीत धरलेले असते. त्यामुळे क्लच काढण्याचे वर्णन पानभर असते, तर तो परत बसवण्याविषयी ‘याच्या उलट क्रमाने जोडणी करावी’ अशा अर्थाच्या एका ओळीवर बोळवण केलेली असते. ज्याने जोडणी करून पाहिली आहे, त्याला या एका ओळीत किती संध्याकाळी खर्ची पडतात ते ठाऊक असते. शिवाय, पानोपानी विशेष अवजारांचे क्रमांक दिलेले असतात. ही अवजारे कंपनीच्या वर्कशॉपबाहेर क्वचितच पाहायला मिळत.

सामान्य मालकाची ही अडचण इंग्लंडमधील जॉन हेन्स यांनी ओळखली. १९६६ मध्ये त्यांनी ऑस्टिन-हिली स्प्राइट या मोटारीची पहिली पुस्तिका प्रसिद्ध केली. गाडी प्रत्यक्ष खोलून, प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेऊन ती पुन्हा जोडायची आणि त्यावरून पुस्तक लिहायचे, ही त्यांची पद्धत होती. हेन्सच्या पुस्तकांत व्हेस्पाचाही समावेश झाला. दुर्दैवाने अशा प्रकारचे, घरच्या घरी काम करणाऱ्यासाठी लिहिलेले साहित्य मराठीत फारसे निर्माण झाले नाही. आयटीआयच्या अभ्यासक्रमाची पुस्तके आहेत, परंतु ती विशिष्ट गाडीविषयी नसतात.

या लेखकाच्या मते सर्वांत दुर्लक्षित आणि नवशिक्याच्या सर्वाधिक उपयोगाचे पुस्तक म्हणजे पार्ट्स कॅटलॉग. त्यात वर्णन जवळजवळ नसते. असतात त्या केवळ आकृत्या, ज्यांत प्रत्येक नट, वॉशर आणि पॅकिंग एकमेकांपासून सुटे करून, पण बसण्याच्याच क्रमाने रेखाटलेले असते. वायसर आधी की स्प्रिंग आधी, हा प्रश्न अशा आकृतीकडे पाहताच सुटतो. नाना पेठेतील किंवा मुंबईच्या ऑपेरा हाऊस परिसरातील सुट्या भागांच्या दुकानात जाताना भागाचा क्रमांक हाती असला, तर ‘ते चेतकचे क्लचजवळचे गोल असते ना’ असे हातवारे करून सांगण्याची पाळी येत नाही आणि चुकीचा भाग गळ्यात पडत नाही.

चुलत भावंडांची पुस्तके

भारतीय वाहनांची मूळ पुस्तिका दुर्मीळ झाली असेल, तर तिच्या परदेशी भावंडाची पुस्तिका अनेकदा सहज मिळते. चेतकसाठी व्हेस्पा स्प्रिंटची, प्रीमियर पद्मिनीसाठी फियाट ११०० ची, म्हैसूरच्या जावा आणि येझदीसाठी चेकोस्लोव्हाकियाच्या मूळ जावाची, ॲम्बॅसॅडरसाठी मॉरिस ऑक्सफर्डची. महिंद्रने मुंबईत बांधणी सुरू केलेल्या सुरुवातीच्या जीपसाठी तर अमेरिकी युद्धखात्याने १९४४ मध्ये काढलेली टीएम ९-८०३ ही पुस्तिका आजही वाचली जाते. ज्या सैनिकाने आयुष्यात कधी इंजिन पाहिले नाही, त्यालाही कळावे अशा बेताने ती लिहिलेली आहे. युद्धभूमीवर कंपनीचे सर्व्हिस केंद्र नसते, त्यामुळे तिच्यातील सूचना आजच्या घरगुती कारागिराला अधिक जवळच्या वाटतात.

तरीही भावंडे ती भावंडेच. राजदूत ३५० हे याचे ठळक उदाहरण. यामाहाच्या आरडी ३५० वर आधारलेली ही मोटारसायकल १९८३ मध्ये भारतात आली, पण मूळ गाडीच्या तुलनेत तिच्या इंजिनाची शक्ती कमी करण्यात आली होती आणि पुढच्या चाकाला डिस्कऐवजी ड्रम ब्रेक होता. जपानी पुस्तिकेतील गिअरबॉक्सचे प्रकरण राजदूतच्या मालकाला तारते. डिस्क ब्रेकचे प्रकरण मात्र त्याच्या काहीच कामाचे नाही आणि इंजिनाची मापे तर पडताळल्याशिवाय वापरूच नयेत.

मापांचा विषय निघालाच आहे, तर एककांविषयीही सांगायला हवे. इटली, चेकोस्लोव्हाकिया आणि जपान येथून आलेल्या गाड्यांचे नट मेट्रिक मापाचे असतात. ब्रिटिश वंशाच्या जुन्या बुलेटवर व्हिटवर्थ घराण्याचे आटे आढळतात, तर जीपवर अमेरिकी इंची माप. जवळपास बसणारा मेट्रिक पान्हा लावून जोर केला की नटाचे कोपरे झिजतात आणि मग छिन्नी-हातोड्याशिवाय इलाज राहत नाही. नट किती आवळावा याचे आकडेही कुठे किलोग्रॅम-मीटरमध्ये, कुठे फूट-पौंडात तर कुठे न्यूटन-मीटरमध्ये दिलेले असतात. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर किंवा ७.२ फूट-पौंड. इंच-पौंड आणि फूट-पौंड यांत तर बारापटींचा फरक आहे. ॲल्युमिनियमच्या इंजिनात एकदा आटे गेले की एका क्षणाची घाई हजारो रुपयांना पडते.

आकड्यामागचे कारण

पुस्तिकेतील आकडे पाठ करण्यापेक्षा त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध समजून घेणे अधिक मोलाचे. पॉइंटच्या जुन्या स्कूटरमध्ये कॉन्टॅक्ट ब्रेकरची फट ०.३ ते ०.५ मिलिमीटर आणि प्लगची फट ०.६ मिलिमीटर ठेवण्यास सांगितलेले असते. प्लगची फट थोडी कमी-जास्त झाली, तर गाडी सुरू व्हायला त्रास होईल, एवढेच. पॉइंटचे तसे नाही. पॉइंटची फट वाढवली की तो लवकर उघडतो, म्हणजेच ठिणगी ठरलेल्या क्षणाच्या आधी पडते. ठिणगी फार आधी पडू लागली की इंजिन तापते आणि दोन-स्ट्रोक इंजिनात त्याची परिणती पिस्टनच्या माथ्याला भोक पडण्यात होऊ शकते. ‘पॉइंट घासून अंदाजाने लावला’ असे सहज सांगितले जाते, तेव्हा इतके सारे पणाला लागलेले असते. फीलर गेजच्या पात्यांचा संच काही फार महाग नसतो. तो विकत घ्यावा, अंदाजावर राहू नये.

पुस्तिकेचे दुसरे बलस्थान म्हणजे बिघाड शोधण्याचा क्रम. स्कूटर दाट पांढरा धूर सोडू लागली की पिस्टनच्या रिंगा गेल्या, असे निदान रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये तडकाफडकी केले जाते. व्हेस्पाच्या धाटणीच्या इंजिनात मात्र क्लचच्या बाजूचे ऑइल सील खराब झाले तरी नेमका असाच धूर येतो, कारण गिअर ऑइल क्रँककेसमध्ये ओढले जाऊन जळू लागते. ओळखायची खूण सोपी आहे. गिअर ऑइलची पातळी पाहावी. ती उतरत असेल, तर रिंगा बदलून पैसा फुकट घालवू नये. उलट, मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचे फेरे उतरत नाहीत आणि अखेर पिस्टन जाम होतो. दोन्ही दोष एकाच प्रकारच्या रबरी कड्याचे, पण लक्षणे परस्परविरुद्ध.

काही सूचना अशा असतात की त्या न वाचल्यास धडधाकट भाग मोडतो. व्हेस्पा घराण्यातील काही इंजिनांत मॅग्नेटचा मधला नट सैल होतो, थोडा फिरतो आणि मग पुन्हा घट्ट लागतो. नवशिक्याला वाटते, आटे अडकले. प्रत्यक्षात तो नट आता आतील कडीवर टेकून मॅग्नेटला बाहेर ओढत असतो. म्हणजे नट हाच पुलर. हे ठाऊक नसलेला माणूस मॅग्नेटवर हातोडा चालवतो आणि क्रँकचे टोक वाकवून ठेवतो.

आता गाडी आडवी करण्याविषयी. ही सवय आपल्याकडे सार्वत्रिक होती, किंबहुना सकाळी कार्यालयाला निघताना स्कूटर कलंडवणारे गृहस्थ हे एका काळाचे चित्रच बनून गेले. गाडी तिरपी केली की कार्ब्युरेटरमधील पेट्रोल फ्लोटची मर्यादा ओलांडून आत उतरते आणि क्षणभर मिश्रण दाट होते. म्हणजे जे काम चोकने करायचे, तेच आपण उजव्या-डाव्या अंगाने करत होतो. रोज असे करावे लागत असेल, तर चोकची केबल, तुंबलेला जेट, फ्लोटची सुई किंवा दमलेला प्लग, यांपैकी काही तरी तपासण्याची वेळ झाली आहे.

पुस्तिका जे सांगत नाही

पुस्तिका नव्या गाडीविषयी बोलते. आपल्यासमोर असते ती चाळीस वर्षे वापरलेली, चार जणांनी खोललेली गाडी. तिचा सिलिंडर पूर्वी कधी तरी बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवलेला असू शकतो. वायरिंगमध्ये कोणी तरी लाल वायर संपली म्हणून निळी वापरलेली असते. त्यामुळे पुस्तिकेतील रंगांच्या खुणांवर विसंबण्यापूर्वी प्रत्येक वायर टोकापासून टोकापर्यंत तपासावी लागते. जुन्या पिस्टनच्या माथ्यावर कोरलेले माप आधी पाहावे आणि मगच नव्या रिंगा आणाव्यात.

दुसरे असे की, पुस्तिकेला पुढचा काळ ठाऊक नसतो. ती लिहिली गेली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसे होते. देशात शिसेविरहित पेट्रोलचा वापर २००० पासून सर्वत्र सुरू झाला. दोन-स्ट्रोक स्कूटरला व्हॉल्व्हच नसल्याने तिचे काही बिघडले नाही. पद्मिनी आणि ॲम्बॅसॅडरसारख्या मोटारींच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकी मात्र शिशाच्या आधाराविना झिजू शकतात आणि त्यासाठी कठीण धातूच्या बैठकी बसवून घ्याव्या लागतात. त्याहून ताजा प्रश्न इथेनॉलचा. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या, पॅकिंग आणि सील या इंधनासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात किंवा भेगाळतात. इथेनॉल हवेतील ओलावाही शोषून घेते. त्यामुळे पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल, तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवणे हिताचे. इंधनाची नळी इथेनॉलला टिकणारी घ्यावी. ती अगदी स्वस्त असते आणि ती फुटल्यास पेट्रोल गरम इंजिनावर पडते.

ऑइलबाबतही तेच. पेट्रोलमध्ये दोन टक्के, म्हणजे लिटरमागे वीस मिलिलिटर टू-टी ऑइल हे प्रमाण आजही पाळावे. ‘थोडे जास्त घातलेले बरे’ म्हणून चार टक्के घातल्यास काजळी साचते. इंजिन मात्र त्याने अधिक सुरक्षित होत नाही. गिअरबॉक्समध्ये पुस्तिका साधे एसएई ३० ऑइल सांगते, तेव्हा मोटारींचे महागडे आधुनिक ऑइल ओतण्याचा मोह टाळावा. या स्कूटरचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळे तो घसरू लागतो.

काही जुन्या सूचना तर आज पाळूच नयेत. ब्रेकच्या ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवावी, सुटे भाग पेट्रोलने धुवावेत, असे सर्रास सांगितले जात असे. त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक ठरते. जुने लायनिंग काढताना ओल्या फडक्याने पुसावे, तोंडावर योग्य मास्क लावावा आणि ते फडके पुन्हा वापरू नये. भाग धुण्यासाठी डिझेल किंवा रॉकेल घेतले, तरी ते मोकळ्या हवेत आणि आगीपासून दूर.

कायद्याची बाजूही थोडक्यात पाहायला हवी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. उत्पादकाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास याच अधिनियमाच्या कलम ५२ ने मनाई आहे. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी खासगी वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे स्वतंत्र नियम आणले. १९७२ च्या पहिल्या चेतक या वयोमर्यादेत आल्या आहेत. मात्र अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही आणि तिचे चासी, बॉडी व इंजिन मूळ स्वरूपात असावे लागते. गाडी मूळ स्वरूपात आहे की नाही, हे ठरवताना तो दुर्लक्षित पार्ट्स कॅटलॉग कामी येतो.

पुस्तिका मिळवण्यासाठी पुण्यात बुधवार व रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार आणि रद्दीची मोठी दुकाने पालथी घालण्याला पर्याय नाही. बंद पडलेल्या जुन्या डीलरच्या गोदामातही कधी कधी घबाड हाती लागते. छायाप्रत घेताना आकृत्यांची पाने मूळ आकारात आणि ठळक येतील, हे पाहावे. वायरिंगची पुसट आकृती निरुपयोगी असते.

पुस्तिका मिळाली, तरी जाणत्या कारागिराची गरज संपत नाही. बेअरिंगचा आवाज ऐकून ते किती दिवस टिकेल, हे कोणत्याही पानावर लिहिलेले नसते. ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकाचे बेअरिंग या कामांत तर पहिल्या वेळी तरी जाणकार शेजारी असावाच. असा कारागीर ओळखीचा असेल, तर त्याच्याजवळ बसून काम पाहावे आणि तो जे सांगतो ते टिपून घ्यावे. त्यासाठी एक साधी वही ठेवावी. तीत तारीख, किलोमीटरचा आकडा, कोणता भाग बदलला, पिस्टनचे माप किती, पॉइंटची फट किती ठेवली, कोणत्या वायरीचा रंग मूळ आकृतीपेक्षा वेगळा आहे, याची नोंद करत जावी. सुटा केलेला प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि त्याचे नट-बोल्ट वेगळ्या डबीत, वर चिठ्ठी लावून ठेवावेत. गाडी पुढे कोणाला दिलीच, तर नोंदणी पुस्तक आणि पुस्तिकेच्या जोडीने ही वहीही त्याच्या हाती सोपवावी.